खारं पाणी: वाचकांचे प्रश्न, या वेळी फक्त प्रवाळ

मे महिन्यात मंडळी मालवण-तारकर्लीला जातात आणि जूनमध्ये माझ्याकडे प्रवाळाची पत्रं येतात. दरवर्षीचंच आहे. यंदा त्यात लक्षद्वीपला जाऊन आलेल्यांची भर पडली, आणि विजयदुर्गच्या एका मच्छीमार भावांनी तर संपादकांना फोन करून माझ्यासाठी प्रश्न सांगितला. त्यामुळे खेकडे, जेलीफिश आणि 'भरती कधी असते' हे सगळं पुढच्या अंकात. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

नाशिकहून नववीतली विद्यार्थिनी विचारते: पुस्तकात लिहिलंय की प्रवाळ हा प्राणी आहे. बाबा म्हणतात तो दगड आहे. आमची पैज लागली आहे. कोण जिंकलं?

तू जिंकलीस, पण बाबांना अगदीच हरवू नकोस. आपण हातात धरतो तो तुकडा दगडच असतो, चुनखडीचा. तो घडवणारा मात्र प्राणी. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक जातींत तो काही मिलिमीटरचा असतो, जेलीफिश आणि समुद्रफुलाच्या गोतावळ्यातला. पिशवीसारखं शरीर, वरच्या बाजूला एकच तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांचं कडं. तो समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपल्या बुडाखाली चुन्याची वाटी बांधतो आणि तिच्यात बसतो. मग विभागून शेजारी दुसरा तयार होतो, दुसऱ्याचा तिसरा. हजारो पॉलिप एकमेकांना जोडलेले राहतात, ती वसाहत. जिवंत भाग म्हणजे वरची पातळ साय तेवढी, खाली सगळे आधीच्यांचे बांधकाम.

तुमच्या शाळेच्या किंवा जवळच्या कॉलेजच्या संग्रहालयात प्रवाळाचा जुना नमुना असेल तर भिंग घेऊन बघ. आमच्या प्राणिशास्त्र विभागात दोन होते. एक पोराइट्स नावाच्या प्रवाळाचा: लांबून नुसता खरबरीत गोटा, भिंगाखाली मात्र सगळा पृष्ठभाग मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या खळग्यांनी भरलेला, आणि प्रत्येक खळग्यात कडेकडून मध्याकडे गेलेले बारीक पडदे. दुसरा फॅविटिसचा. त्याचे खळगे बोटाच्या टोकाएवढे आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भिंत सामाईक. एका खळग्यात एक पॉलिप राहून गेलेला. मुलांना हे दाखवलं की वर्गात पाच मिनिटं शांतता असायची, आणि प्राणिशास्त्राच्या वर्गात ती दुर्मीळ.

आता पुस्तकात बहुधा एका ओळीत उरकलेली गोष्ट. उथळ, उबदार पाण्यात भित्ती (म्हणजे समुद्रातले चुन्याचे मोठे बांध) बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा पॉलिपला मिळतो. पॉलिपची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी भागू शकते. बदल्यात शैवालाला राहायला जागा आणि पॉलिपच्या उत्सर्जनातलं नायट्रोजन. रात्री पॉलिप शुंडकं बाहेर काढून बारीकसारीक जीव पकडतो, पण ते जोडीचं खाणं. चुन्याचं एवढं प्रचंड बांधकाम परवडतं ते या शैवालाच्या जिवावर. तरीही वेग बघ: पोराइट्सचा गोटा वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. फांद्यांची अक्रोपोरा दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढते, पण मोडतेही तितक्याच पटकन. मीटरभर उंचीचा गोटा दिसला तर तो तुझ्या पणजोबांच्या वेळचा समज. खालच्या उत्तरांत हे शैवाल पुन्हापुन्हा येणार आहे, लक्षात ठेव.

पुण्याहून एक वाचक: मालवणला स्नॉर्केलिंग करताना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ काही प्रवाळ पांढरंफेक दिसलं. आमचा गाइड म्हणाला, 'ते मेलं.' फार वाईट वाटलं. खरंच मेलं असेल?

कदाचित नसेल. हा फरक सगळ्यांनीच शिकून घ्यावा असा आहे.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या सर्वात गरम तापमानापेक्षा एखाद्या अंशाने वर गेलं आणि तीन-चार आठवडे तसंच राहिलं, की पेशींतल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं आणि त्यातून पॉलिपला घातक अशी ऑक्सिजनची रूपं तयार होऊ लागतात. पॉलिप मग शैवालच बाहेर टाकतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग बराचसा या शैवालाचा असतो. ते गेलं की पॉलिपच्या पारदर्शक अंगातून खालचा पांढरा चुना दिसायला लागतो. याला विरंजन म्हणतात. या अवस्थेत पॉलिप जिवंत असतो, पण उपाशी. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, रंग येतो. लांबलं तर तो उपासमारीने आणि रोगाने मरतो.

ओळखायचं कसं? हात न लावता जवळून बघा. विरंजन झालेलं प्रवाळ स्वच्छ, झळझळीत पांढरं असतं, आणि खळग्यांवर पातळ, ओलसर साय ताणलेली दिसते. काही ठिकाणी शुंडकंही दिसतात. मेलेलं प्रवाळ फार दिवस पांढरं राहतच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची लव चढते आणि तिच्यात गाळ अडकतो. म्हणजे जे पाहून तुम्हाला वाईट वाटलं ते बहुधा जिवंत होतं, आणि शेजारचं मळकट तपकिरी, ज्याच्याकडे कोणी बघितलं नाही, ते मेलेलं असण्याची शक्यता जास्त.

कोकणच्या बाबतीत एक गोष्ट प्रवाळाच्या बाजूची आहे. अरबी समुद्राचं पाणी एप्रिल-मेमध्ये सर्वात तापतं, आणि मोसमी ढग आणि वारे आले की उतरतं. पाऊस वेळेवर आला तर मालवणच्या प्रवाळाला सुटका मिळते. लांबला तर शेतकऱ्याइतकाच तोही अडचणीत. अर्थात त्याच पावसात नद्यांचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्यावर येतं, खारटपणा घटतो, प्रकाश कमी होतो. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्याला लक्षद्वीपसारख्या भित्ती बनल्या नाहीत. पोराइट्स, फॅविटिस, टर्बिनेरिया अशा चिवट जातींचे ठिपके तेवढे तग धरून आहेत.

राहिली गोष्ट तुमच्या गाइडची. त्याच्यावर रागावू नका, त्याला कोणी शिकवलेलं नाही. रागवायचंच असेल तर दमल्यावर 'दगडा'वर उभं राहून मास्क नीट करणाऱ्या पर्यटकावर रागवा. एका पावलात जी साय खरवडली जाते, तिच्याखाली कित्येक वर्षांची वाढ असते. होडीचा नांगर त्याहून वाईट, एकदा फरपटला की गोटा मुळापासून उलथतो. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झालं, क्षेत्र जेमतेम 29 चौरस किलोमीटर. मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध आहे आणि त्यांची बाजू मला कळते. पण होड्या बांधायला कायमचे बोये ठेवणं आणि पर्यटकाला पाण्यात उतरवण्याआधी दोन मिनिटं समजावणं, यात कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

सोलापूरहून: सनस्क्रीनमुळे प्रवाळ मरतं म्हणतात. मग लावायचं की नाही?

ऑक्सिबेन्झोन नावाच्या घटकाबद्दल चिंता आहे. पलाऊ देशाने 2020 पासून आणि हवाई राज्याने 2021 पासून ते असलेल्या क्रीमच्या विक्रीवर बंदी घातली. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला, क्रीम कमी लागेल. पण माझं मत विचाराल तर हा प्रश्न आपल्या मनाला जास्त सोयीचा आहे. बाटली बदलली की कर्तव्य झालं. प्रवाळ मरतंय ते मुख्यतः गरम पाण्याने.

कोल्हापूरहून एक निवृत्त बँक अधिकारी चार पानी पत्रात लिहितात (सारांश माझा): लक्षद्वीपच्या अगत्ती आणि बंगारम बेटांवर गेलो. वाळू इतकी पांढरी कशी, ती येते कुठून? बेटं गोल का? आणि फोटोत दिसते तशी रंगीत भित्ती आम्हाला फारशी दिसली नाही, बराच ढिगाराच होता. आमची फसवणूक झाली का?

वाळू पोपटमाशाच्या पोटातून येते. थट्टा करत नाही. या माशाचे दात जुळून चोच झालेली असते. त्या चोचीने तो मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ दगडासकट खरवडतो, घशातल्या दातांनी दळतो, कामाचं ठेवतो आणि उरलेली चुन्याची भुकटी मागे सोडतो. अगत्तीच्या लगूनमध्ये, म्हणजे भित्तीच्या आतल्या उथळ पाण्यात, डोकं पाण्याखाली ठेवून नुसतं ऐकलं तरी करकर-करकर असा आवाज येत राहतो. मासा दिसण्याआधी त्याचं चरणं ऐकू येतं. आणि मग तो पुढे जाताना त्याच्यामागे पांढरा धुरळा सुटतो, सावकाश खाली बसतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी तयार करतो. मालदीवमधल्या वक्कारू या बेटाभोवतीच्या अभ्यासात तिथे तयार होणाऱ्या नव्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून जास्त पोपटमाशांची निघाली. बाकीची शिंपल्यांची, काही चुनेदार शैवालांची. तुम्ही ज्या वाळूवर फोटो काढलेत, ती कधीतरी प्रवाळ होती.

बेटं गोल का, याचं उत्तर चार्ल्स डार्विनने 1842 सालच्या पुस्तकात दिलं, आणि तेही एकही कंकणद्वीप (असं कड्यासारखं गोल प्रवाळबेट) खणून न बघता. समुद्रात ज्वालामुखीचं बेट असतं, त्याच्या कडेने प्रवाळ वाढतं. बेट लाखो वर्षांत हळूहळू खचतं. प्रवाळाला प्रकाश हवा, म्हणून ते वर-वर बांधत राहतं. शेवटी मधलं बेट पाण्याखाली जातं आणि कडेचं कंकण तेवढं उरतं, आत उथळ लगून. लोकांनी शंभर वर्षं यावर वाद घातला. 1952 साली पॅसिफिकमधल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर अमेरिकनांनी खोल भोकं पाडली, तेव्हा सुमारे 1,400 मीटर चुनखडक पार केल्यावर खाली ज्वालामुखीचा बेसाल्ट लागला. डार्विन बरोबर होता. (त्याच वर्षी त्याच एनिवेटोकवर पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली आणि त्यातलं एक बेट नाहीसं झालं. माणसाचं कुतूहल आणि माणसाची अक्कल एकाच जहाजातून प्रवास करतात.)

आता फसवणुकीचं. टूरवाल्यांनी जुने फोटो दाखवले असतील, पण ढिगारा खरा आहे आणि तो तुम्ही पाहिलात हे मला बरं वाटलं. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 साली मोठी विरंजनं झाली. 2024 मध्ये पुन्हा झालं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं व्यापक विरंजन सुरू असल्याचं जाहीर केलं. म्हैसूरच्या नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक 1998 पासून तिथे त्याच त्याच जागा मोजत आहेत. त्यांच्या नोंदींनुसार जिवंत प्रवाळाचं आच्छादन तेव्हा सुमारे 37 टक्के होतं, 2022 मध्ये 20 टक्क्यांच्या आत आलं. जवळजवळ निम्मं. फांद्यांची प्रवाळं आधी जातात. त्यांच्या काड्या मोडून तळाशी साचतात, फुटक्या कपबशांच्या ढिगासारख्या, आणि लाटांनी हलत राहतात. हलत्या ढिगावर नवी प्रवाळं रुजू शकत नाहीत.

काळजीची खरी गोष्ट दोन विरंजनांमधल्या अंतराची आहे. भित्तीला सावरायला दहा-एक वर्षं शांतता हवी. 1998 नंतर बारा वर्षं मिळाली, मग सहा, मग आठ. आणि लक्षद्वीपचं एकही बेट समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. जगभरच्या मोजमापांनुसार निरोगी भित्ती लाटांची सरासरी 97 टक्के ताकद किनाऱ्याआधीच जिरवते. तिथल्या लोकांचं पिण्याचं पाणी म्हणजे वाळूखाली साठलेला गोड्या पाण्याचा पातळ थर. भित्ती झिजली की आधी लाटा आत येतात, मग विहिरी खाऱ्या होतात. एवढं झाल्यावर पर्यटनाचं काय, हा प्रश्न किरकोळ आहे.

विजयदुर्गहून मच्छीमार भाऊ (फोनवरून): त्या प्रवाळाचा आम्हां मासेमाऱ्यांना उपयोग काय? उद्या तिकडेपण जायची बंदी घालणार, एवढंच ना?

भाऊ, तुमची शंका वाजवी आहे. सरळ सांगते.

प्रवाळभित्तींनी समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग व्यापलेला नाही, आणि समुद्रातल्या जवळपास एक चतुर्थांश जाती आयुष्यात कधी ना कधी तिथे असतात. कारण साधं आहे: भोकं, कपारी, आडोसे. गोबरा, तांबोशी, शेवंड यांना खडपात जशी जागा लागते तशीच, पण कितीतरी जास्त दाट. लक्षद्वीपचे मच्छीमार गळाने कुपा (ट्यूना) पकडतात तो खोल पाण्यात. पण कुप्याला भुलवायला जी बारीक जिवंत मासळी पाण्यात फेकतात, ती लगूनमधून, प्रवाळाच्या आसऱ्यातून पकडावी लागते. ती नसेल तर त्यांचा धंदाच बसतो.

आता तुमच्या दारातलं. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, माथा पाण्याखाली साधारण वीस मीटरवर. तुमच्या थोरल्यांना ठाऊक असेल. नकाशावर त्याचं नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. किनाऱ्यापासून इतकं लांब, की नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही. पाणी नितळ, म्हणून वीस मीटरवरही प्रवाळाला पुरेसा प्रकाश मिळतो. डिसेंबर 2019 मध्ये शास्त्रज्ञांची एक मोहीम तिथे गेली होती आणि त्यांना प्रवाळाची समृद्ध वसाहत दिसली.

बंदीबद्दल माझ्या हातात काही नाही. ते ठिकाण राज्याच्या सागरी हद्दीच्या, म्हणजे 12 सागरी मैलांच्या, पार बाहेर आहे. तिथला निर्णय केंद्राकडे. पण एवढं सांगते: लहान होडीवाला गळ टाकायला 105 किलोमीटर जात नाही. तिथे जाऊन तळ खरवडू शकतात ते मोठे ट्रॉलर, आणि त्यांच्याबद्दल तुमचं मत माझ्यापेक्षा कडक असणार. संरक्षणाची चर्चा सुरू होईल तेव्हा मासेमारी सोसायट्यांनी आधीच आपलं म्हणणं लेखी द्यावं. मालवणला ती संधी उशिरा मिळाली आणि मनं कायमची कडू झाली.

मुंबईहून, वरळी: कोस्टल रोडसाठी इथलं प्रवाळ उचलून दुसरीकडे लावलं म्हणे. मुंबईच्या पाण्यात प्रवाळ? आणि असं लावता येत असेल तर सगळीकडे नवीनच का लावत नाहीत?

हो, मुंबईच्या पाण्यात. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या भागात काही चपट्या, खडकाला चिकटून वाढणाऱ्या जाती आहेत. 2020 मध्ये त्यांच्या 18 वसाहती काढून कुलाब्याच्या नेव्हीनगर परिसरात आणि मरीन लाइन्सला हलवल्या. सांडपाणी, गाळ, उन्हात दोन-दोन तास कोरडं पडणं, हे सगळं सोसून त्या जगत होत्या. मुंबईकर म्हणून तुम्ही त्यांच्याबद्दल थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

लावता येतं. मन्नारच्या आखातात चुना आणि सिमेंटसाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणून नेलं, दोन बेटं बुडाली, वान नावाचं तिसरं झिजत चाललं. तिथे आता सिमेंटच्या भोकाभोकांच्या चौकटी तळाशी ठेवून त्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधतात. काही भागांत चांगली वाढ झाली आहे. पण हे काम पाणबुड्याने एकेक तुकडा हाताने बांधण्याचं आहे. शिवाय लावलेला तुकडाही त्याच गरम पाण्यात राहणार. आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा 2018 चा अंदाज असा की जगाचं तापमान दीड अंशाने वाढलं तर उबदार पाण्यातली 70 ते 90 टक्के प्रवाळं जातील, दोन अंशांनी वाढलं तर 99 टक्क्यांहून जास्त. बीज टिकवायला रोपण ठीक आहे. 'इथलं तोडलं तरी तिथे लावू' याला परवाना म्हणून ते वापरलं जाऊ लागलं, की मला त्याची भीती वाटते.

ठाण्याहून: माझ्या अंगठीत पोवळं आहे. त्यासाठी भित्ती तोडली असेल का? आणि सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून काचेच्या चौकटीतलं 'इंद्रजाल' आणलंय. ती वनस्पती आहे ना?

पहिल्याचं उत्तर: भित्ती नाही. दागिन्यातलं पारंपरिक लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या एका वेगळ्या प्रवाळाचं. ते अंधाऱ्या कपारींत आणि खोलावर वाढतं, त्याच्या अंगात शैवाल नसतं, आणि व्यासात वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा भर पडत नाही. इटलीतलं तोर्रे देल ग्रेको हे गाव शतकानुशतकं त्याच्या कोरीवकामासाठी प्रसिद्ध. तुमचं खरं असेल तर तो खडा तुमच्यापेक्षा वयाने मोठा असण्याची शक्यता आहे. बाजारात रंगवलेला बांबू-प्रवाळ, काच आणि प्लास्टिकही 'पोवळं' म्हणून खपतं. मंगळाला यातलं काय चालतं, ते मला विचारू नका.

इंद्रजाल मात्र वनस्पती नाही. ते वाळवलेलं काळं प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतं, म्हणजे पुन्हा प्राण्यांची वसाहतच. प्रवाहाला आडवं उभं राहून वाहत येणारं खाणं गाळून घेता यावं म्हणून त्याला जाळीचा आकार असतो. मुळं नाहीत, पानं नाहीत, आणि दृष्टीशी त्याचा काही संबंध नाही. काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि भित्ती बांधणारी सगळी कठीण प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्यापुरतं त्यांचं स्थान वाघाच्या शेजारी. मेलेलं, वाळलेलं, चौकटीतलं, कसंही असलं तरी त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. विकणाऱ्याने 'जंगलातली दुर्मीळ मुळी' सांगून सासूबाईंना फसवलं आहे आणि पैसेही घेतले आहेत. वाद घालू नका, हे उत्तरच त्यांना वाचून दाखवा. मग वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करून ती चौकट कुठे जमा करायची ते विचारा, आणि विकणाऱ्याचा पत्ता आठवत असेल तर तोही द्या.